कोयत्याचें मत कोण मोजणार?

पारावर बसून साऱ्या जगाचा कारभार हांकावा, ही आमच्या गांवकऱ्यांची जुनी हौस आहे. पूर्वीं हा कारभार फार तर पंढरपूर-सोलापुरापर्यंत जाऊन माघारी येई; हातांत मोबाईल आल्यापासून तो थेट अमेरिकेंत जाऊन पोहोंचला आहे. तिकडच्या अध्यक्षाला लोकांनीं ‘ट्रंपतात्या’ असें नांव ठेविलें आहे, आणि हे तात्या जणूं शेजारच्या वस्तीवरच राहतात अशा थाटांत त्यांची निंदास्तुति चालते. एक म्हणतो, “तात्या खमक्या गडी, समद्यास्नी सरळ केलं.” दुसरा म्हणतो, “कसला खमक्या? सोलापुरी टावेलावर पन्नास टक्के जकात बसवली, मागवाल्याचं कंबरडं मोडलं.” तिसरा विचारतो, “तिकडं म्हणं जादा मतं पडल्याला बी हरतो. असलं कसलं इलेक्शन?” आणि शेवटीं सगळे माझ्याकडे वळून म्हणतात, “गुरुजी, तुमी शिकल्यालं. तुमीच सांगा.”

मी कांहीं मोठा शिकलेला नाहीं. अध्यापक विद्यालयांतून बाहेर पडलों तो खेड्यांतल्या शाळेंत येऊन बसलों. पोरांना बाराखडी शिकवितों, सरकार सांगेल तेव्हां मतदारयादी काखेंत मारून दारोदार फिरतों, आणि निवडणुकीच्या दिवशीं मतदारांच्या बोटांना शाई लावितों. यादी आणि शाई, या दोन गोष्टी मात्र मीं जवळून पाहिल्या आहेत. तेवढ्याच शिदोरीवर पारावरच्या मंडळींस जें सांगितलें, तेंच आज वाचकांपुढें ठेवितों.

आधीं तिसऱ्याचा प्रश्न घेऊं. अमेरिकेंत अध्यक्ष थेट लोकांच्या मतांच्या बेरजेनें ठरत नाहीं. प्रत्येक राज्याला कांहीं प्रतिनिधि नेमून दिले आहेत. असे एकंदर ५३८. त्यांपैकीं २७० ज्याच्या पदरांत पडले तो अध्यक्ष. बहुतेक राज्यांत जो थोडक्या मतांनीं जरी पुढें असला, तरी त्या राज्याचे सारे प्रतिनिधि त्यालाच मिळतात. म्हणून २०१६ सालीं हिलरी क्लिंटन या बाईंना २८ लाखांहून अधिक मतें जास्त पडलीं, तरीही त्या हरल्या. हें ऐकून पारावर हंशा पिकला. मीं म्हटलें, हंसूं नका! आपल्या ग्रामपंचायतींत काय झालें तें आठवा. पूर्वीं गांवानें सदस्य निवडायचे आणि सदस्यांनीं सरपंच. २०१७ सालीं सरपंच थेट गांवानें निवडावा असा कायदा झाला, २०२० सालीं तो फिरला, आणि २०२२ सालीं पुन्हां थेट निवड आली. गांव तेंच, माणसें तींच, मतेंही तींच. पण नियम बदलला कीं खुर्चीवर दुसराच बसतो. तेव्हां निवडणुकींत कोण उभा आहे हें पाहण्याच्या आधीं नियम काय आहे हें पाहावें, एवढा धडा अमेरिकेपासून घेतला तरी पुष्कळ झालें.

अमेरिकेचें नांव आपल्या घरांत आजचें नाहीं. जोतीरावांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील सज्जन लोकांस अर्पण केलें. कां, तर त्यांनीं काळ्या गुलामांच्या बेड्या तोडल्या. पण त्या बेड्या तुटल्यावर पुढें काय झालें, तेंही आपण वाचलें पाहिजे. १८७० सालीं काळ्या पुरुषांना मताचा हक्क कायद्यानें मिळाला. तो हक्क कोणी उघडपणें काढून घेतला नाहीं. दक्षिणेकडच्या राज्यांनीं फक्त नियम केले. मत द्यायचें तर आधीं डोईपट्टी भरा. मत द्यायचें तर वाचनाची परीक्षा द्या. आणि कांहीं राज्यांत असेंही कीं, ज्याचा आजा मतदार होता त्याला परीक्षा माफ! गुलामाचा आजा मतदार कोठून असणार? अशा रीतीनें हक्क कायद्यांत राहिला आणि माणूस दाराबाहेर राहिला. डोईपट्टीची अट १९६४ सालीं मध्यवर्ती सरकारच्या निवडणुकांपुरती गेली आणि परीक्षेचें थोतांड १९६५ च्या कायद्यानें मोडलें. म्हणजे १८७० सालीं दिलेलें मत हातांत पडण्यास पंचाण्णव वर्षें लागलीं.

हें त्यांचें झालें. आतां आपलें ऐका. १९२० सालीं मुंबई इलाख्यांत नव्या कायदेमंडळाची निवडणूक झाली, तेव्हां खेड्यांत मत कोणाला होतें? ज्याच्या जमिनीचा सारा निदान ३२ रुपये असेल त्याला. रत्नागिरीसारख्या एकदोन जिल्ह्यांत १६ रुपये. शेजारचे पंढरपूर-सांगोला इंग्रजी मुलखांत. तेथल्या दोन बैलांच्या कुणब्याला, कोष्ट्याला, चांभाराला, सुताराला हा आंकडा कसा गांठावा? आमचा मंगळवेढा तालुका तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानांत, म्हणजे आम्ही त्या हिशेबांतही नव्हतों. मराठे व तत्सम जातींसाठीं सात जागा राखून ठेविल्या होत्या. पण जागा राखली तरी मत देणारा राखला नव्हता. प्रत्येक प्रौढ माणसाला मत द्या, असें डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं सायमन कमिशनपुढें मागितलें; तें मिळण्यास स्वराज्य यावें लागलें. १९५१-५२ सालीं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हां यादींत १७ कोटींहून अधिक नांवें होतीं. पण त्या वेळींही सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें गळलीं. कारण काय? त्यांनीं स्वतःचें नांव सांगितलेंच नाहीं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेंच सांगितलें. यादीला नांव लागतें. बायको-आई चालत नाहीं.

सांगण्याचा मुद्दा असा कीं, मताची चाळणी कधीं पैशाची असते, कधीं अक्षराची, कधीं नांवाची. आज पैशाची चाळणी नाहीं, अक्षराची नाहीं. अठरा वर्षें पुरीं झालेला कोणीही मतदार. मग चाळणी संपली काय? नाहीं. ती आतां दिवसाची आणि ठिकाणाची झाली आहे; आणि तिच्यांतून गळतो तो आपला ऊंसतोड्या.

अमेरिकेंत मतदान मंगळवारीं होतें. हा दिवस कोणा ज्योतिषानें काढून दिलेला नाहीं. १८४५ सालीं तेथें कायदा झाला कीं, नोव्हेंबरांतल्या पहिल्या सोमवारानंतरच्या मंगळवारीं साऱ्या देशानें अध्यक्षाच्या निवडणुकीचें मत द्यावें. नोव्हेंबर कां? तर सुगी आटोपलेली असते आणि कडक थंडी अजून पडलेली नसते. मंगळवार कां? तर रविवारीं लोक देवळांत जातात, बुधवारीं पुष्कळ ठिकाणीं बाजार भरतो, आणि शेतकऱ्याला घोडागाडी जुंपून तालुक्याच्या गांवीं पोहोंचण्यास एक दिवस लागतो. म्हणजे सोमवारीं निघावें, मंगळवारीं मत द्यावें, बुधवारीं बाजार गांठावा. त्या कायद्याच्या वेळीं बायकांना आणि बहुतेक काळ्यांना मत नव्हतें, हें खरें. पण ज्याला मत होतें त्या शेतकऱ्याची गाडी कोणत्या दिवशीं मोकळी असते, याचा विचार कायदा करणाऱ्यांनीं केला. आपल्याकडे हा विचार कोणी केला?

२०२४ सालची विधानसभेची निवडणूक घ्या. साखर कारखान्यांच्या गाळपाचा मुहूर्त ठरला १५ नोव्हेंबर. मतदान ठरलें २० नोव्हेंबर. मंगळवेढ्याचें नांव घेतलें कीं लोकांना काळी रान-जमीन आणि मालदांडी ज्वारी आठवते. पण तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग कोरड्या विहिरींचा आहे. तेथलीं माणसें दसरा-दिवाळी झाली कीं गाडींत संसार घालून कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी कर्नाटकांत, ऊंस तोडण्यास जातात. गंमत अशी कीं आमच्या कारखान्यांचा ऊंस तोडण्यास बीडकडचीं माणसें येतात. म्हणजे मतदानाच्या दिवशीं बीडचा मतदार आमच्या फडांत वांकलेला, आणि आमचा मतदार कोल्हापूरच्या फडांत वांकलेला. दोघांचींही नांवें आपापल्या गांवच्या यादींत शाबूत. कायदाही म्हणतो कीं पोटासाठीं कांहीं दिवस बाहेर गेल्यानें माणसाचें राहण्याचें गांव बदलत नाहीं. नांव गांवांत, बोट फडांत. आणि शाई माझ्या बाटलींत.

त्या दिवशीं मला शेजारच्या तालुक्यांतल्या एका दुष्काळी गांवीं मतदान केंद्रावर नेमलें होतें. शाई लावण्याचें काम माझ्याकडे. दुपारीं एक म्हातारी दोन नातवंडांना घेऊन आली. पहिल्या अधिकाऱ्यानें नांव पुकारलें, म्हातारीनें बोट पुढें केलें, आणि दुसऱ्या हातानें पदराच्या गांठींतून आणखी दोन ओळखपत्रें काढून माझ्यापुढें ठेविलीं.

“ल्योकाचं न् सुनंचं मत बी मीच टाकू का? त्येंनीच सांगितलंय फोनवर.”

मीं म्हटलें, “आजी, तसं चालत नाही. ज्याचं त्यानंच द्यायचं असतं.”

“पर ती तर कारखान्याला गेल्यात. जित्ती हायती की दोगंबी.”

“जिवंत आहेत, पण इथं नाहीत ना.”

“मग त्येंनी कुटं टाकायचं?”

या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मागें रांग खोळंबली होती. म्हातारीनें कार्डें पुन्हां गांठीला बांधिलीं, आपलें बटण दाबलें आणि पोरांना घेऊन निघून गेली. संध्याकाळीं यादींतल्या खुणा न झालेल्या ओळी पाहिल्या. कित्येक घरांत म्हाताऱ्यांच्या नांवांवर खूण, आणि त्याखालीं नवरा-बायकोचीं दोन नांवें कोरीं. वर्गांत दिवाळीनंतर हजेरी घेतांना जीं बांकें रिकामीं दिसतात, त्याच घरांचीं हीं कोरीं नांवें. पोरगें शाळेच्या पटावरून गळतें आणि त्याच वाटेनें त्याचा बाप मताच्या पटावरून गळतो.

कोणी म्हणेल, नियम तो नियम. जो केंद्रावर हजर नाहीं त्यानें मत कसें द्यावें? मीही त्या म्हातारीला तेंच सांगितलें. पण घरीं आल्यावर मला माझीच लाज वाटली. कारण माझें स्वतःचें मत मीं कसें दिलें? नेमणूक दुसऱ्या मतदारसंघांत, म्हणून सरकारनें मला टपाली मतपत्रिका दिली. मतदानाच्या आधींच मत देऊन मी मोकळा झालों होतों. पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धांकडे आणि अपंगांकडे पेटी घरीं जाते, आणि ती गेलीच पाहिजे. सीमेवरच्या शिपायाला टपालानें मत आहे. इतकेंच नव्हे, तर २००३ पासून फौजेंतल्या माणसाला आपल्या वतीनें मत देण्यास गांवांतला माणूस नेमतां येतो. अशा वेळीं आम्ही शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावितों. म्हणजे त्या म्हातारीचा मुलगा फौजेंत असता, तर तिची मागणी रीतसर अर्ज करून कायदेशीर ठरली असती! तो ऊंस तोडतो, हाच काय तो गुन्हा. काश्मिरांतून परागंदा झालेल्या मतदारांसाठीं जम्मूंत, उधमपुरांत आणि दिल्लींत खास केंद्रें उघडलीं जातात. मग कोल्हापूरच्या कारखान्याच्या तळावर मंगळवेढ्याच्या मतदारासाठीं एक पेटी ठेवणें हें आकाशांतले तारे तोडणें आहे काय?

अमेरिकेंत तर १८६४ सालीं, आपसांतली लढाई जुंपलेली असतांना, निवडणूक झाली. आणि कित्येक राज्यांच्या शिपायांनीं छावणींतच मतें दिलीं. हल्लीं तेथें ऑरेगॉनसारख्या राज्यांत मतपत्रिका टपालानें घरपोंच येते. त्या पद्धतीवर तेथें भांडणेंही पुष्कळ चालतात. टपालानें लबाडी होते असें एक पक्ष म्हणतो, न दिल्यास गरीब वगळला जातो असें दुसरा म्हणतो. चालूं द्या. पण निदान तें भांडण होतें. आपल्याकडे ऊंसतोड्याच्या मतावरून भांडणसुद्धां होत नाहीं.

पूर्ण अंधार आहे असेंही नाहीं. डिसेंबर २०२२ मध्यें निवडणूक आयोगानें एक नवें यंत्र जाहीर केलें. परगांवीं गेलेल्या मजुरानें जेथें आहे तेथूनच आपल्या गांवचें मत द्यावें, एकाच केंद्रावर ७२ मतदारसंघांची सोय व्हावी, अशी ती योजना. १६ जानेवारी २०२३ रोजीं सर्व पक्षांना बोलावून तें दाखविण्याचें ठरलें. पक्षांनीं शंका काढल्या. त्यांतल्या कांहीं रास्तही होत्या. परगांवचा मजूर म्हणावें कोणाला, तेथें प्रचार कसा व्हावा, देखरेख कोणी करावी? पण शंका निघाल्या म्हणजे उत्तरें शोधावींत. येथें उत्तरें शोधण्याऐवजीं योजनाच बासनांत गेली, आणि २०२४ च्या दोन्ही निवडणुका तिच्यावांचून पार पडल्या.

आतां पारावरचा दुसरा गडी म्हणेल, गुरुजी, मी जकातीचें विचारलें होतें, तुम्ही ऊंसाच्या फडांत कोठें शिरलां? तर ऐका, हे दोन प्रश्न एकाच दोराचीं दोन टोकें आहेत.

जी ज्वारी आपली, तीच अमेरिकेंत कॅन्सस नांवाच्या राज्यांत अफाट पिकते. ते लोक ती खात नाहींत. जनावरांना घालतात, तिचें इंधन काढतात आणि उरलेली परदेशीं विकतात. तिचें मोठें गिऱ्हाईक चीन. आपल्यालाही ती ठाऊक आहे: १९७२ च्या दुष्काळांत रेशनवर जी लाल मिलो मिळे, ती याच जातकुळीची अमेरिकन ज्वारी. ज्या मंगळवेढ्यांत दामाजीपंतांनीं भुकेल्यांसाठीं कोठारें उघडलीं, त्या गांवच्या माणसांनीं मिलोच्या भाकरी डोळे मिटून गिळल्या, असें घरचीं वडील माणसें सांगतात. तर २०१८ सालीं अमेरिकेनें चीनच्या मालावर जकात चढविली, चीननें उलट त्यांच्या शेतमालाला दार लाविलें, आणि कॅन्ससचा ज्वारीवाला कोंडीत सांपडला. मग काय झालें? २०१८ आणि २०१९ या दोन हंगामांसाठीं त्यांच्या सरकारनें शेतकऱ्यांना सुमारें २३ अब्ज डॉलरांची भरपाई दिली. त्यांत ज्वारीवालाही होता. २०२५ सालीं पुन्हां तसेंच जकातयुद्ध झालें, आणि डिसेंबरांत पुन्हां १२ अब्ज डॉलर जाहीर झाले. आपणच खड्डा खणावा आणि आपणच माती टाकावी, हें धोरण शहाणपणाचें कीं कसें, तें त्यांचें ते पाहोत. पण भरपाई झाली ती कां झाली? कारण तो शेतकरी नोव्हेंबरांतल्या मंगळवारीं कोठें असतो हें पुढाऱ्यांना ठाऊक असतें. तो आपल्या गांवांत असतो, आणि त्याचें मत मोजलें जातें.

इकडे पाहा. २७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या मालावरची अमेरिकन जकात पन्नास टक्क्यांवर गेली. सोलापूरच्या टॉवेलवाल्यांना झळ बसली. गिरण्यांना कच्चा माल स्वस्त पडावा म्हणून दिल्लीनें १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरची ११ टक्के जकात उठविली, आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. नेमका तोच आपल्या कापूसवाल्याचा वेचणीचा हंगाम! म्हणजे अमेरिकेंत घाव आणि विदर्भ-मराठवाड्यांत घट्टा. गिरणीवाल्याचें गाऱ्हाणें दिल्लीला ऐकूं जातें. कापूसवाल्याचें अर्धवट ऐकूं जातें. आणि त्याहून खालीं जो आहे त्याचें ऐकूंच जात नाहीं.

तो खालचा म्हणजे कोयतेवाला. उसाला काय भाव द्यावा हें कायद्यानें ठरतें: २०२४-२५ च्या हंगामासाठीं १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागें ३,४०० रुपये. हा भाव मिळावा म्हणून आपण रस्त्यावर बसतों, आणि पुढारी आपल्या पायां पडतात, कारण आपण मतदानाला गांवांत असतों. तोडणीच्या मजुरीला मात्र असा कायदा नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें ती ३४ टक्क्यांनीं वाढली, ती संपाच्या इशाऱ्यानें आणि बैठकांनीं; मतपेटीच्या धाकानें नव्हे. ज्याचें मत पेटींत पडत नाहीं त्याचा धाक पेटीला कसा असणार? फडांत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मजुरीच्या हिशेबांत दोन माणसें मिळून एक, आणि मताच्या हिशेबांत दोन माणसें मिळून शून्य!

आतां कांहीं आक्षेप. पहिला: “उमेदवार गाड्या पाठवितात कीं! ज्याला यायचें तो येतो.” गाड्या येतात हें मला ठाऊक आहे. पण उमेदवारानें मतदारांना वाहन करून केंद्रावर नेणें हा १९५१ च्या कायद्यानें भ्रष्टाचार आहे. आणि खरोखर ज्याच्या डिझेलावर मजूर गांवीं येतो, त्याच्या ओझ्याखालीं त्याचें बोट बटणावर जातें. मुकादमाच्या उचलीनें मजूर आधींच बांधलेला. त्याचें मतही उचलींत धरावें काय? दुसरा: “मतदानाची पगारी सुटी असते.” असते, पण ज्याची मजुरी टनावर, त्याला सुटी कसली आणि पगार कसला? आणि दोनशे किलोमीटरवर जाऊन-येऊन दोन दिवस मोडतात. तिसरा: “नांव तिकडच्या यादींत घालून घ्यावें.” पांच महिन्यांच्या कोपीसाठीं जन्मगांवचें नांव काढावें, म्हणजे ग्रामपंचायतीचें मतही गेलें आणि गांवकीचा हक्कही गेला. असला सल्ला देणाऱ्यानें एक हंगाम पालांत काढून पाहावा.

आमच्या जिल्ह्यांत माळशिरस तालुक्यांत मारकडवाडी म्हणून गांव आहे. २०२४ च्या निकालानंतर तेथल्या लोकांनीं ३ डिसेंबर रोजीं कागदी मतपत्रिकांवर पुन्हां मतदान करून पाहण्याचें ठरविलें. प्रशासनानें तें होऊं दिलें नाहीं, आणि गांवाचें नांव देशभर झालें. यंत्र बरें कीं कागद बरा, हा वाद त्यानंतर पारापारावर रंगला. वाद जरूर करावा. मत कसें मोजलें हें विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण यंत्रांत पडलेल्या मतासाठीं जितकें रान उठलें, त्याचा दहावा हिस्सा तरी यंत्रापर्यंत पोहोंचूंच न शकलेल्या मतासाठीं उठूं द्या.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. कारखान्यांच्या तळावर परगांवच्या मतदारांसाठीं खास केंद्रें उघडावींत, किंवा मला मिळाली तशी टपाली मतपत्रिका ऊंसतोड्याला द्यावी. कारखान्याकडे करार असतात, मुकादमांच्या याद्या असतात. कोणत्या गांवचा कोण कोठें आहे, हें उचल वसूल करतांना बरोबर सांपडतें, तें मत घेतांनाच कसें सांपडत नाहीं? आणि हें होईपर्यंत निदान एवढें करावें: गाळपाचा मुहूर्त मंत्र्यांची समिति ठरविते, मतदानाचा दिवस निवडणूक आयोग ठरवितो, या दोघांनीं एकमेकांचें पंचांग पाहावें. मतदान आधीं, गाळप नंतर. १८४५ सालीं घोडागाडीचा विचार झाला, तर आज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा व्हावयास काय हरकत आहे?

येथें आपणां बागाईतदार वाचकांसही दोन शब्द बोललें पाहिजे, रागावूं नये. मतदान आधीं आणि गाळप नंतर म्हटलें कीं आपल्यांतलेच कित्येक म्हणतील, “आमचा ऊंस वाळतो, टोळी लवकर आली पाहिजे.” टोळी आली नाहीं तर आपण मुकादमाच्या दारांत बसतों, टोळीचें मत गेलें तर आपण विचारीतही नाहीं. ३२ रुपयांचा सारा न भरणाऱ्याला मत नको असें म्हणणारे लोक १९२० सालीं होते. त्यांना आपण शिव्या देतों. मग आठ दिवस ऊंस थांबण्यापेक्षां शेजाऱ्याचें मत बुडालेलें बरें, असें आपणच म्हणूं लागलों, तर त्यांच्यांत आणि आपल्यांत फरक तो काय राहिला?

करण्यासारखें थोडें आहे, पण तें आपल्या हातांतलें आहे. पुढच्या ग्रामसभेंत उभें राहून ठराव मांडा कीं, गांवचे इतके मतदार हंगामांत बाहेर असतात, त्यांच्या मताची सोय व्हावी. त्यांचीं नांवें ठरावाला जोडा, आणि तो तहसीलदारामार्फत निवडणूक आयोगाला पाठवा. एका गांवाचा ठराव टोपलींत जाईल. पन्नास गांवांचे गेले तर टोपली पुरणार नाहीं. उमेदवार दारांत आला कीं रस्ता-समाजमंदिराच्या आधीं हा प्रश्न विचारा. आणि मतदारयादी चावडीवर लागली कीं आपलें नांव पाहून परत फिरूं नका. जो फडांत आहे त्याचेंही पाहा.

पारावरच्या मंडळींनीं हें सारें ऐकून घेतलें. मग ट्रंपतात्यांची बाजू घेणारा गडी हळूच म्हणाला, “गुरुजी, माझा धाकटा भाऊ बी कारखान्यालाच आसतो की.” त्या दिवशीं अमेरिकेची गोष्ट तेथेंच थांबली. ठरावाच्या कागदावर पहिलें नांव त्यानें आपल्या भावाचें घातलें आहे. दुसरें कोणाचें, तें वाचकांनीं आपापल्या गांवांत पाहावें.

— एक प्राथमिक शिक्षक, तालुका मंगळवेढा